आधी जाळ्याची खोळ पाहा

प्रिय विद्यार्थीमित्रा,

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांसोबत काम करण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. नको असलेली मासळी जाळ्यात येणे कमी कसे करावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जाळ्यासाठी वेगळे आहे आणि ते तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, डोळ्यांदेखत सिद्ध करावे लागते, एवढे आधी मनात पक्के कर.

सुरुवात नौकेमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यापासून कर. त्याच्या शेवटच्या खोळीचा, म्हणजे मासळी साठते त्या पिशवीचा, आस (जाळीचे भोक) शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले जाऊ लागले की तो लांबट होऊन मिटतो आणि पिल्लांना बाहेर पडायला वाट उरत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, म्हणून ४० मिलिमीटर चौकोनी आसाच्या खोळीचा आग्रह धरला जातो, आणि सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पातून तिचा प्रसारही करण्यात आला. हे कारण कितीही समजावून सांगितले, तरी निसटते ते काय आणि त्याची किंमत किती, ही तांडेलाची शंका राहतेच, आणि ती रास्त आहे. म्हणून खोळीवर बारीक आसाची दुसरी सैल पिशवी चढव, म्हणजे आतून निसटलेली सारी मासळी तीत सापडेल. ती वेगळी ओतून खलाशांसमोर निवड, तिचे वजन कर आणि बंदरावरच्या भावाने तिची किंमत त्यांनाच लावायला सांग. मासळीच्या भुकटीच्या कारखान्याकडे जाणारा मालच त्यात जास्त निघाला, तर पुढचे बोलणे सोपे होईल. पण विकाऊ कोळंबी निसटलेली दिसली, तर तीही नोंदवहीत जशीच्या तशी लिही. तोटा झाकणाऱ्याचे पुढच्या हंगामात कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

डोल जाळ्याबाबत मात्र घाई करू नकोस. भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधलेले हे जाळे जवळा, करंदी आणि बोंबील यांसाठीच बारीक आसाचे असते. तेथे आस मोठा करा म्हणणे म्हणजे जवळा सोडून द्या म्हणणे होय. त्याच खोळीत पापलेटची पिल्लेही येतात, हे दुखणे खरे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले आणि त्याच सुमारास राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवले, ज्यात पापलेटसाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. तथापि डोलीतले पिल्लू वर येईपर्यंत बहुधा मेलेले असते, त्यामुळे पट्टीने मोजून ते परत टाकल्याने काहीच वाचत नाही. येथे उपाय शोधायचा तो वेळेत आणि जागेत. पिल्ले कोणत्या महिन्यात, कोणत्या उधाणाला, कोणत्या पाण्यात जास्त येतात, हे जुन्या तांडेलांना ठाऊक असते. ते टिपून घे आणि तेवढे दिवस तेथे डोल न लावण्याचा विषय गावाच्या मच्छीमार सहकारी संस्थेपुढे ठेव. एकट्यादुकट्या नौकेवर हा त्याग लादणे मला अन्यायाचे वाटते.

कासवांसाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉल जाळ्यांना साजेसे कासव-सुटका साधन तयार केले आहे. तसे साधन वापरात नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात २०१९ पासून बंद केली, हे बंदरावर अवश्य सांग, कारण त्याची झळ थेट भावाला बसते. जाळ्यात आलेले कासव निपचित असले तरी ते मेलेच असे समजून लगेच पाण्यात टाकू देऊ नकोस. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावी, अंग ओले आणि सावलीत ठेवावे आणि काही तास वाट पाहावी; पुष्कळदा ते हालचाल करू लागते. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर २०१८ पासून राज्याच्या योजनेत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेचे चित्रण लागते, म्हणून जाळे कापण्यापूर्वी मोबाइल सुरू करण्याचे काम नौकेवरच्या एका खलाशाकडे आधीच सोपवायला सांग.

तुझा हितचिंतक