ग्वाल्हेरच्या नॅरो गेजवर सायकलवाट: रूळ उचलण्याआधीची कामं

ग्वाल्हेरमधल्या घोसीपुरा आणि मोतीझील या जुन्या स्थानकांमधल्या पट्ट्यावर चालायला आणि सायकलला वाट करायची, पण ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या छोट्या रेल्वेची खूणही राखायची, हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. फक्त बहुतेक जण सुरुवात रूळ उपटण्यापासून करतात, आणि तिथेच घोळ होतो.

मार्च २०२० पासून गाडी बंद आहे, म्हणून जमीन मोकळी झाली असं नाही. ती रेल्वेचीच. अर्ज रेल्वेच्या झाशी मंडळाकडे करा आणि जमिनीचा नकाशा मागून घ्या. मग हद्दीचे दगड प्रत्यक्ष शोधा. कुठे भिंत आत सरकलेली असते, कुठे गोठा. दर ५० मीटरवर भरावाच्या, म्हणजे रूळ ज्या मातीच्या बांधावर आहेत त्याच्या, माथ्याची रुंदी मोजून लिहा. हा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अवघा ६१० मिलिमीटरचा, त्यामुळे भरावही अरुंद. येणारे-जाणारे दोघं मावायला ३ मीटरची वाट आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळी कड लागते, म्हणजे ४ मीटर. तेवढी जागा नसेल तर उतारावर नुसती माती ओतू नका, पहिल्या पावसात ती सरकते. जुन्या उतारात पायऱ्या कापायच्या, माती थरांनी टाकायची आणि प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा.

रूळ काढण्याआधी नोंद घ्या. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर अनेकदा कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. तारेच्या ब्रशने गंज झाडा, खडू आडवा घासा आणि बाजूने उजेड पाडून फोटो काढा. अक्षरं लगेच उठून दिसतात. वजन यार्डाला किती पौंड असं असतं. ३० पौंडी रूळ म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो, ६ मीटरचा तुकडा ९० किलोचा. दोन माणसं उचलून नेतात, म्हणून मोकळा तुकडा रात्रभरही बाहेर ठेवू नका. फाटकं, किलोमीटरचे दगड, सिग्नलचे खांब यांना जागेवरच क्रमांक द्या. नंतर कुठला खांब कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

आता थर. रुळांखालची जुनी गिट्टी (मोठी खडी) फेकू नका, पण तिच्यावर थेट वाटही करू नका. तिच्यात बारीक माल नसतो, त्यामुळे चाक रुततं. समतल करून फटींत मुरूम भरा आणि रोलर फिरवा. वर दाबून १५० मिलिमीटरचा खडी-मुरमाचा थर द्या: ३ मीटर रुंदीला किलोमीटरमागे ४५० घनमीटर. सैल माल एक चतुर्थांश जास्त धरा, म्हणजे ५६० च्या आसपास. सगळ्यात वर ५० मिलिमीटर दगडाची भुकटी. आडवा उतार अडीच टक्के, म्हणजे ३ मीटरला साडेसात सेंटिमीटर. रेल्वेचा चढ मुळात सौम्य असतो, त्यामुळे चाकाच्या खुर्चीला मोठी अडचण फक्त फाटकांपाशी येते.

वाट बिघडते ती पाण्यामुळे. भरावाखालच्या विटांच्या मोऱ्या प्लास्टिकने तुंबलेल्या असतात. पाणी अडलं की भराव खालून पोखरला जातो आणि वरची वाट अचानक खचते. मोऱ्या मे संपायच्या आत उपसा. जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. ओल आत अडकते आणि विटांचे पापुद्रे सुटतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि किमान आठवडाभर ओलं गोणपाट.

पुलांवर जुने स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी लाकडं, तपासल्याशिवाय पाय ठेवू नका. गर्डरची, म्हणजे पुलाच्या तुळयांची, तपासणी संरचना अभियंत्याकडूनच. नव्या फळ्या वाटेला आडव्या टाका. लांबीच्या दिशेने टाकल्या तर फटीत सायकलचं चाक अडकतं. कठडा १.४ मीटर. क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) पाजलेले जुने स्लीपर बाकांसाठी वापरू नका, आणि जाळू तर अजिबात नका.

इतिहासासाठी रूळ जागेवर ठेवायचे तर वाटेच्या शेजारी, वाटेत नाही. वाट रूळ ओलांडतेच अशा ठिकाणी शक्यतो काटकोनात ओलांडू द्या. तिरकं गेलं की चाक खोबणीत जातं आणि माणूस पडतो, ओल्यात तर हमखास. प्रत्येक जुन्या स्थानकाशी २० ते ३० मीटर रूळ काँक्रीटमध्ये पक्के बसवा. फलकावर शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची छोटी आगगाडी टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ती तिथेच राहू दे. इथे १९०९ साली श्योपूरपर्यंत पोहोचलेल्या, २०० किलोमीटरला किंचित कमी असलेल्या मार्गाचा नकाशा, गेजची मापं आणि जुनं वेळापत्रक लावा.

मोटरसायकली पूर्ण थांबवता येत नाहीत. वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांत दीड मीटर अंतर ठेवलं तर मोटारी अडतात, मोटरसायकल जाते. त्याहून कमी केलं तर चाकाची खुर्चीच अडते. मी दीड मीटरच ठेवेन. विलायती बाभूळ मुळासकट काढा, नाहीतर पंक्चरवाल्याची चांदी. सावलीला कडुनिंब आणि करंज लावा, कडेपासून ३ मीटर सोडून. पिंपळ मोरीजवळ कधीच नको.