शंका-समाधान: व्हेंडरचा रिपोर्ट डेटा थेट आपल्या स्नोफ्लेक खात्यात

प्रश्न: आमच्या कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर बाहेरच्या व्हेंडरचं आहे. रोज सकाळी त्यांच्याकडून मेलवर सीएसव्ही यायची. आता ते म्हणतात, "स्नोफ्लेकवर शेअर देतो, तुमचा अकाउंट आयडेंटिफायर कळवा." नेमकं काय पाठवायचं आणि पुढे काय करायचं?
वाचक, महापे

उत्तर: स्नोफ्लेक म्हणजे क्लाउडवर चालणारी डेटा साठवायची आणि तपासायची सेवा. 'शेअर' म्हणजे आपला डेटा दुसऱ्या खात्याला नक्कल न करता वाचायला देणं. आयडेंटिफायर म्हणजे संस्थेचं नाव आणि खात्याचं नाव, मधे टिंब. लॉगिनच्या यूआरएलमध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असते. ती तशीच उचलून पाठवू नका. सोबत तुमचं खातं कोणत्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस, अझ्युअर वगैरे) आणि कोणत्या रीजनमध्ये (सर्व्हरच्या ठिकाणी) आहे, तेही कळवा. थेट शेअर एकाच क्लाउडच्या एकाच रीजनमध्ये चालतो. तुमचं खातं एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आणि व्हेंडरचं अझ्युअरच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडियात असेल, तर व्हेंडरला आधी तुमच्या रीजनमध्ये डेटा रेप्लिकेट करावा (त्याची प्रत ठेवावी) लागेल किंवा ऑटो-फुलफिलमेंट (ही प्रत स्नोफ्लेक आपोआप पोचवतं) लावून प्रायव्हेट लिस्टिंग, म्हणजे ठरावीक खात्यांनाच दिसणारं लिस्टिंग, द्यावं लागेल. हे पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या, नाहीतर शेअर दिसतच नाही म्हणून दोन्हीकडची माणसं शोधत बसतात.

शेअर आला की अकाउंटॲडमिन (खात्याचा सर्वोच्च अधिकार) रोल घेऊन 'शो शेअर्स' चालवा. 'इनबाउंड' (बाहेरून आलेला) लिहिलेल्या ओळींत व्हेंडरचा शेअर शोधा. मग 'क्रिएट डेटाबेस … फ्रॉम शेअर …'. एका शेअरमधून एका खात्यात एकच डेटाबेस बनतो, त्यामुळे नाव विचार करून द्या.

बहुतेकांचं अडतं ते पुढच्या पायरीला. रिपोर्टिंगच्या रोलला एकेका टेबलावर 'सिलेक्ट' (वाचायची परवानगी) द्यायला गेलात तर एरर येतो. संपूर्ण डेटाबेसवर 'ग्रँट इम्पोर्टेड प्रिव्हिलेजेस'च द्यावं लागतं. एखाद्या टीमला निवडकच टेबलं दाखवायची असतील, तर स्वतःच्या डेटाबेसमध्ये व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वाचता येते) बनवा आणि परवानगी त्या व्ह्यूवर द्या.

साठवणुकीचा खर्च व्हेंडरचा, क्वेरीचा तुमचा. क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेला वेअरहाउस म्हणतात आणि त्याचं बिल क्रेडिटमध्ये होतं. सगळ्यात लहान, एक्स-स्मॉल वेअरहाउस तासाला 1 क्रेडिट खातं. ऑटो-सस्पेंड (काम नसताना आपोआप बंद होणं) 10 मिनिटांवर आणि डॅशबोर्डचं रिफ्रेश दर 5 मिनिटांनी असेल, तर वेअरहाउस कधी झोपतच नाही: दिवसाला 24 क्रेडिट. सस्पेंड 60 सेकंदांवर आणा. व्हेंडर तासातून एकदाच डेटा भरत असेल, तर रिफ्रेशही तासालाच ठेवा.

प्रश्न: शेअरमधले आकडे व्हेंडरच्या पोर्टलशी जुळत नाहीत, रात्रपाळीचे कॉल आदल्या तारखेला पडतात. त्यात काल एक टेबलच गायब झालं.
वाचक, ऐरोली

उत्तर: शेअरमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंतचे कॉल आदल्या दिवशी मोजले जातात. 'कन्व्हर्ट टाइमझोन'ला तिन्ही गोष्टी द्या: यूटीसी, एशिया-कोलकाता आणि कॉलम. कॉलम 'एनटीझेड' प्रकारचा (टाइमझोन न नोंदवलेली वेळ) असताना दोनच दिल्या तर सेशनचा टाइमझोन धरला जातो आणि तो मुळात लॉस एंजेलिसचा असतो. फिल्टर लावताना मात्र कॉलमवर फंक्शन चढवू नका, त्याने प्रूनिंग (नको असलेला डेटा न वाचताच वगळणं) बिघडतं आणि क्वेरी जास्त डेटा वाचत बसते. त्याऐवजी सीमा सरकवा: आदल्या दिवशीच्या यूटीसी 18:30 पासून त्या दिवशीच्या 18:30 च्या आधीपर्यंत.

टेबल गायब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हेंडरने 'क्रिएट ऑर रिप्लेस' (जुनं टेबल काढून त्याच नावाने नवं बनवणं) चालवलं. जुन्या टेबलाबरोबर शेअरला दिलेली परवानगीही जाते. त्यांना पुन्हा 'ग्रँट' द्यायला सांगा आणि स्क्रिप्टमध्ये 'कॉपी ग्रँट्स' (जुन्या परवानग्या नव्या टेबलावर आणणारा पर्याय) घालायचा आग्रह धरा. तुमच्या बाजूने काहीही करून ते टेबल परत येणार नाही.

प्रश्न: करार संपल्यावर जुना डेटा राहील का?
वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर: नाही. व्हेंडरने शेअर काढला की त्याच क्षणी वाचणं बंद होतं. शेअर्ड डेटाबेसवर टाइम ट्रॅव्हल (डेटाची जुनी स्थिती पाहणं) नाही, क्लोनही (प्रत) करता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच रोजचा टास्क (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) लावून डेटा स्वतःच्या टेबलात उतरवा. करारात तशी मुभा आहे ना, तेवढं पाहून घ्या. फक्त कालच्या नोंदी उचलू नका. कॉलचा निकाल, शेरा नंतरही बदलतात, तेव्हा शेवटच्या काही दिवसांत बदललेल्या सगळ्या ओळी घेऊन कॉल आयडीवर 'मर्ज' करा (असलेली ओळ बदलते, नसलेली नवी येते). व्हेंडर 'रीडर अकाउंट' (स्वतःच्या खात्याखाली उघडलेलं, फक्त वाचायचं खातं) देऊ करत असेल, तर क्वेरीचा खर्च त्याच्या खात्यावर पडतो खरा, पण तिथे स्वतःचा डेटा भरता येत नाही. इतिहास जपायचा असेल, तर खातं स्वतःचंच हवं.