इशापूरच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचे लाकूड घासून पॉलिश करावे का?

घासू नये. टेक्सासमधल्या गन शोमध्ये घेतलेली इशापूरची १९४२ सालची रायफल, लाकडावर बसलेले काळपट ग्रीस, मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू, आणि ‘ही गावठी डागडुजी आहे, घासून वॉर्निश मारा म्हणजे भाव येईल’ हा विक्रेत्याचा सल्ला, एवढे सगळे आपण प्रश्नात सांगितले आहे. ज्याने हा सल्ला दिला त्याला या रायफलींतले काही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हेच वाक्य मी अमेरिकेत इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर थोडे लांबेल.

तो स्क्रू डागडुजी नाही. ली-एनफिल्डचे, म्हणजे या थ्री-नॉट-थ्री रायफलीचे, पुढचे लाकूड त्या जागी पातळ असते आणि तिथेच तडकते, म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने तिथे आडवा स्क्रू बसवायला सुरुवात केली. संग्राहक त्याला आज ‘इशापूर स्क्रू’ याच नावाने ओळखतात. म्हणजे ज्या खुणेमुळे आपली रायफल कुठली ते लांबूनही कळते, तिलाच विक्रेता खोट म्हणत होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नंबर ४ या नव्या ली-एनफिल्डकडे मोर्चा वळवला, तरी इशापूर आणि ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील कारखाने जुन्या नंबर १ मार्क ३ स्टारचेच, म्हणजे आपल्याकडे आहे त्याच जातीच्या रायफलीचे, उत्पादन करत राहिले. मार्क ३ स्टार हे रूप १९१६ चे आहे. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या रोखून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची, सामुदायिक गोळीबारासाठीची व्हॉली साइट काढून टाकून ते तयार झाले.

गेल्या शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियातील एका गन शोमध्ये मला माझी सध्याची आवडती रायफल मिळाली, ती याच अज्ञानामुळे. टेबलावर रशियन मोसिन-नागां आणि जर्मन माउझर ऐटीत मांडलेल्या होत्या, त्यांच्या किमतीही तशाच होत्या, आणि टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका रायफलीला ‘भारतीय, दुरुस्त केलेली’ अशी चिठ्ठी लावली होती. उजव्या बाजूला, दस्ता जिथे धातूला मिळतो त्या कॉलरवर, मुकुट, त्याखाली जीआरआय (राजा जॉर्जची लॅटिन आद्याक्षरे), त्याखाली इशापूर आणि १९४३ ही अक्षरे अंगठ्याने ग्रीस बाजूला सारताच दिसू लागली. बोल्टच्या दांड्यावरचा, नळीवरचा आणि नोजकॅपवरचा (नळीच्या तोंडाजवळच्या धातूच्या टोपावरचा) अनुक्रमांक एकच होता, जे इतक्या वर्षांच्या वापरानंतर क्वचितच आढळते. मी दस्त्याच्या टोकाचे पितळी झाकण उघडले, तर आत पितळेची तेलाची कुपी, गुंडाळी केलेला फुलतरू (नळी साफ करायची वजन लावलेली दोरी, म्हणजे पुल-थ्रू) आणि त्याच्या फासात अडकलेली, तेलाने पिवळी पडलेली चिंदी होती. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीच्या उस्तादांनी आम्हाला याच जातीची रायफल साफ करायला शिकवले होते, फुलतरू एका दमात सरळ ओढायचा, मध्ये थांबायचे नाही, नळीच्या तोंडाला दोरी घासू द्यायची नाही. त्यामुळे ती चिंदी कोणत्या हातांनी किती निगुतीने घडी घातली असेल, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या वेळी माझ्यासोबत आमच्या रेंजवरचे एक ज्येष्ठ संग्राहक होते. भारतीय रायफली संग्रहात धरायच्याच नसतात, असे त्यांचे ठाम मत आहे आणि त्यावरून आमचा जुना वाद आहे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की भारताने जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींना ७.६२ ची नळी लावून त्या सैनिकांच्या माथी मारल्या आणि म्हणून इशापूरचे काहीच विश्वासार्ह नाही. हे साफ चुकीचे आहे. ते ज्या रायफलींबद्दल बोलतात त्या २ए आणि २ए१. १९६२ च्या चीन युद्धानंतर, ७.६२ नाटो काडतुसासाठी, अधिक मजबूत पोलाद वापरून त्या इशापूरमध्ये नव्याने घडवलेल्या आहेत. त्यांचे चौकोनी मॅगझिनसुद्धा वेगळे, १२ गोळ्यांचे आहे. जुन्या रायफलीत बदल करून त्या बनवलेल्या नाहीत. २ए१ मध्ये मागच्या साइटवरची मोजणी २००० ऐवजी ८०० पर्यंत आणली, कारण हजारो यार्डांवर सामुदायिक गोळीबार करण्याचे दिवस संपले होते. हा विचारपूर्वक केलेला बदल आहे आणि तो करणाऱ्या कारागिरांना कमी लेखण्याचा अधिकार, स्वतःच्या माउझरचे लाकूड यंत्राने घासून काचेसारखे चमकवणाऱ्या माणसाला नाही.

आता घासण्याविषयी. लाकडावरचे शिक्के, तपासनिसाच्या खुणा, तुकडीचे आकडे हे सगळे कागदाइतक्या खोलीचे असतात आणि सँडपेपरचे दोन हात फिरले की ते कायमचे जातात. शिवाय लाकूड खाली बसते आणि धातू वर राहतो. नोजकॅपची आणि दस्त्याच्या पितळी पट्टीची कड बोटाला लागू लागली, की जाणकार माणूस रायफल हातात घेताच ती परत ठेवतो. आपल्याला फक्त ग्रीस काढायचे आहे. लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून भर उन्हात ठेवावे, सुटलेले ग्रीस जुन्या सुती कापडाने टिपावे, हे गरजेप्रमाणे पुन्हा करावे, शेवटी मिनरल स्पिरिटचा हलका हात द्यावा आणि मग कच्चे जवसाचे तेल थोडे थोडे तळहाताने चोळून जिरवावे. सैन्यातही लाकडाला हेच तेल दिले जात असे. वॉर्निश तर नकोच.

खोलताना एक गोष्ट मात्र अवश्य पाळावी: आधी पुढचे लाकूड उतरवावे आणि मगच दस्त्याचा बोल्ट, म्हणजे दस्ता धातूला जोडणारा आतला लांब स्क्रू, फिरवावा. नंबर १ मध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. क्रम उलटा केला तर बोल्ट फिरताना ते लाकूड आतून फाडतो. बाजारात दिसणाऱ्या कित्येक तडकलेल्या रायफली युद्धात नव्हे, अशा घाईत तडकल्या असाव्यात, असे माझे मत आहे.

रायफल चालवता येईल का, हेही आपण विचारले आहे. चालवण्यापूर्वी बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) तपासून घ्यावी आणि कुठेही डीपी हा शिक्का असेल, तर ती केवळ कवायतीची रायफल समजून तिच्यात काडतूस घालू नये. काडतुसे हल्लीची, नव्या उत्पादनाची वापरावीत. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, तयार झालेली, तळावर केएफ (किरकी फॅक्टरी) असे कोरलेली पाच गोळ्यांची एक क्लिप मला नुकतीच एका जुन्या पेटीत मिळाली. ती मी कपाटात जपून ठेवली आहे आणि तिथेच राहील, कारण त्या गोळ्यांच्या तळाशी ठिणगी देणाऱ्या जुन्या टोप्यांतले क्षार नळीला गंज चढवतात. कोणी तशा गोळ्या झाडल्याच, तर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओतून ती पूर्ण कोरडी करावी, नुसते तेल पुरत नाही.

हे सर्व मी आपण अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहात असे गृहीत धरून लिहिले आहे. आपण एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याचे नियम फार कडक आहेत, तेव्हा इथे विचारण्याऐवजी वकिलाला गाठावे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या रायफलींसाठी संग्राहकाचा वेगळा संघीय परवाना मिळतो. तो काढल्यास प्रत्येक खरेदीची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे आणि राज्याचे कायदे त्याव्यतिरिक्त लागू होतात. भारतात सर्वसाधारण परवानाधारकाला थ्री-नॉट-थ्री मिळत नाही, तिथे त्याऐवजी .३१५ बोअरसारखी रायफल घेतली जाते, त्यामुळे ही वस्तू तिकडे पाठवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. सुट्टीत घरी जाताना रेंजवर वापरलेली पिशवी तर सामानात घेऊच नये. कोपऱ्यात राहिलेले एक काडतूससुद्धा विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरते.