छाती भरदार, तरी खांदा का दुखतो?

प्रश्न : वयाच्या पंधराव्या वर्षापासून मी तालमीत जोर-बैठका काढत आलो आहे आणि गेली चार वर्षे जिममध्ये बेंच प्रेसही (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे) करतो. छाती भरली की खांदा आपोआप भक्कम होतो, असे आमचे वस्ताद सांगत. तरीही माळ्यावरचा डबा काढायला हात वर नेला की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूने कळ येते. मग छातीचे स्नायू खांद्यासाठी नेमके करतात तरी काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वस्तादांचे म्हणणे अर्धे खरे आहे. छातीचा मोठा स्नायू, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर, खांद्याला ताकद देतो. पण खांदा जागेवर धरून ठेवणे हे मुख्यतः त्याचे काम नाही.

हा स्नायू गळ्याजवळचे आडवे हाड, छातीच्या मधले हाड आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चा येथून पंख्यासारखा निघतो आणि निमुळता होत दंडाच्या हाडाच्या वरच्या भागाला, पुढून चिकटतो. काखेची पुढची जाड कड चिमटीत धरलीत, तर हाती येतो तो हाच. आता डावा तळवा उजव्या छातीवर ठेवा आणि उजव्या हाताने जड टेबलाची कड खालून उचलू पाहा. गळ्याच्या हाडाखालचा भाग टणक होईल. तोच हात टेबलावर ठेवून खाली दाबलात, तर छातीचा खालचा भाग टणक लागेल. स्नायू एकच, पण त्याचे दोन भाग येथे उलट दिशांनी काम करतात. दोन्ही एकत्र आखडले की हात छातीसमोरून आत येतो आणि दंड आतल्या बाजूला वळतो.

खांद्याची खोबण उथळ असते. तिच्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा मध्यावर राखण्याचे काम सांध्याला लगटून असलेले चार लहान स्नायू करतात, ज्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. छातीच्या मोठ्या स्नायूची ओढ पुढे आणि आत असल्यामुळे हे चौघे कमी पडले, तर तो माथ्याला पुढेच खेचतो.

शिवाय ही खोबण ज्या पात्यावर आहे, ते खांद्याचे पाते स्वतःच हलते असते. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश पात्याच्या फिरण्यातून मिळतात. त्याला वर फिरवणाऱ्या आणि बरगड्यांवर दाबून धरणाऱ्या स्नायूंमध्ये सेराटस अँटेरियर महत्त्वाचा. तो बगलेखालच्या बरगड्यांवरून करवतीच्या दातांसारखा निघून पात्याखालून त्याच्या आतल्या कडेला पोहोचतो. त्याची नस दुखावली, तर भिंत ढकलताना पाते पाठीवर पंखासारखे उभे राहते. उलट, तिसऱ्या ते पाचव्या बरगडीवरून पात्याच्या चोचीसारख्या टोकाला जाणारा छातीचा लहान स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, आखडला तर पाते पुढे कलते आणि हात वर नेताना सांध्यावरची जागा अपुरी पडू शकते.

तुमचा खांदा न तपासता निदान सांगणे योग्य नव्हे, पण व्यायामाचा तोल एकीकडे गेला असावा अशी शंका येते. बेंचवर पाठ टेकलेली असताना पाती दाबली जातात, त्यामुळे सेराटसला फारसे काम उरत नाही. जोर काढताना मात्र ती मोकळी असतात, आणि या बाबतीत मला जुना जोरच सरस वाटतो. कोपरे सरळ झाल्यावर जमीन आणखी दोन बोटे ढकलावी, म्हणजे पाती पुढे सरकतात. त्याच्या जोडीला वजन पोटाकडे ओढण्याचे पाठीचे व्यायाम करावेत आणि दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती हलकेच ताणावी. कळ येईल तिथे थांबावे. बेंच प्रेस तूर्त बंद ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. मात्र वजन खाली आणताना छातीत ‘कट्’ असा आवाज होऊन काखेकडे काळेनिळे झाले आणि वर सांगितलेली कड हाताला लागेनाशी झाली, तर छातीच्या मोठ्या स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.