ऑनलाइन लिलावातल्या मोसिन-नागान आणि तुमचे साठ दिवस

प्रश्न : वय ४१, राहणार ऑस्टिन, टेक्सास. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. पगार वर्षाला १,६५,००० डॉलर, घरखर्च महिना ७,०००. पत्नी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, नोकरी नाही. मुलगी ९ वर्षांची. खात्यात ६,००० डॉलर. अडीअडचणीसाठी आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) पॉलिसी आहे, महिना ९०० प्रमाणे ३ वर्षं भरतोय, स्टेटमेंटवर २४,००० दिसतात, सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) १३,५०० लिहिली आहे. ४०१-केमध्ये (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात) पगाराच्या ३ टक्के टाकतो, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत बरोबरीनं भर घालते. एका ऑनलाइन लिलावात जुन्या रशियन लष्करी रायफलींचा, बहुतेक मोसिन-नागान, संच आला आहे : १९४३ची इझेव्स्क कारखान्याची स्नायपर ३,२०० डॉलर, १९४१ची तुला कारखान्याची एसव्हीटी-४० (सेमी-ऑटोमॅटिक) ३,६००, १८९७च्या रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग) फिनिश एम-३९ मोसिन १,१००, १९१७ची अमेरिकेत बनलेली रेमिंग्टन मोसिन १,३००, आणि साध्या ९१/३० मोसिन चार, प्रत्येकी ४५०. एकूण ११,०००. विक्रेता सांगतो की २०१०मध्ये १०० डॉलरला मिळणारी मोसिन आज ४००ला जाते, म्हणजे वर्षाला १५ टक्के. खर्च धरून ४०१-केमधून १४,००० कर्ज काढीन. कागदपत्रांची कटकट नको म्हणून एक सिटिझन मित्र त्याच्या नावावर घेईल आणि मला देईल. किंमत योग्य आहे का?

उत्तर : किमतीकडे येतो, पण आधी तुमचं ते मित्राचं वाक्य. ते वाचून मला खरंच काळजी वाटली.

डीलरकडे (परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे) खरेदीचा ४४७३ हा फॉर्म भरताना पहिल्याच प्रश्नांत विचारतात : खरा खरेदीदार तुम्हीच आहात का? पैसे तुमचे, रायफल तुमच्यासाठी, आणि तुमचा मित्र तिथे ‘हो’ लिहिणार. हा फेडरल गुन्हा आहे आणि पहिला आरोपी तो होईल. ज्याच्यासाठी घेतली तो माणूस स्वतः कायदेशीरपणे विकत घेऊ शकत असला तरीही हा गुन्हाच ठरतो, असं सुप्रीम कोर्टानं २०१४च्या अब्राम्स्की खटल्यात सांगितलं आहे. २०२२पासून अशा दुसऱ्याच्या नावावरच्या खरेदीला वेगळं कलमही आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत.

तुमची बाजू तर याहून नाजूक आहे. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचा, व्हिसा. अशा माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे, काडतूसही. आय-१४० मंजूर असल्यानं यात काही बदलत नाही. एच-४मुळे पत्नीलाही हाच नियम. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीचं कारण तयार होतं. इतकी वर्षं रांगेत काढल्यावर हा धोका ११,००० डॉलरच्या लोखंडासाठी घ्यायचा नाही.

कायदेशीर वाट आहे, आणि ती स्वस्त आहे. वैध शिकार परवाना असलेल्या नॉन-इमिग्रंटला या मनाईतून सूट मिळते. टेक्सासच्या रहिवाशाला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो, त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मग परवाना, आय-९४चा (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक आणि पत्त्याचा पुरावा घेऊन स्वतःच्या नावानं डीलरकडे जायचं. यात लोक चुकतात ते तारखेत : हा परवाना कधीही काढा, ३१ ऑगस्टलाच संपतो. १ सप्टेंबरला नवा हातात नसेल आणि रायफल कपाटात असेल, तर ती त्या दिवसापासून बेकायदा ताब्यात आहे. वकिलाची एक तासाची फी देऊन तुमची फाइल दाखवा आणि मगच पहिली बोली लावा.

संचातली एकच रायफल वेगळ्या नियमात बसू शकते : एम-३९. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक फेडरल कायद्यात ‘अँटिक’ धरतात, फायरआर्म नाही. फिनिश लोकांनी जुने रशियन रिसीव्हर घेऊन त्यांवर नव्या नळ्या चढवल्या, त्यामुळे नळीवर १९४१ असतं आणि रिसीव्हर झारच्या काळातला. ही तारीख वरून दिसत नाही. वरचा मागचा एक आणि खालून मॅगझिनच्या पुढचा एक, असे दोन स्क्रू काढून रिसीव्हर दस्त्यातून बाहेर काढला की त्याच्या मागच्या पट्टीच्या, म्हणजे शेपटीच्या, खालच्या बाजूला ती दिसते. जाहिरातीत ‘१८९७’ असं नुसतं टाइप केलेलं आहे. त्या शेपटीचा फोटो आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि रायफल अँटिक ठरली तरी ७.६२ × ५४ आरची काडतुसं अँटिक ठरत नाहीत; परवाना नसेल तर घरात एकही काडतूस नको.

आता किंमत.

तुम्ही पाठवलेल्या स्नायपरच्या फोटोत रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवरचा दुर्बिणीचा बेस अगदी चकचकीत आहे आणि बाकी लोखंड ऐंशी वर्षांचं वाटतं. त्यावर क्रमांकही दिसत नाही. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी हजारो स्नायपर साध्या केल्या : दुर्बीण काढली, भोकं बुजवून घासून सपाट केली. पुढे अमेरिकेत व्यापाऱ्यांनी तीच भोकं पुन्हा उघडली आणि नव्या बनावटीची पीयू (सोव्हिएत स्नायपरची) दुर्बीण बसवली. काही तर कधी स्नायपर नव्हत्याच. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा : नळीच्या बुडाशी डाव्या बाजूला कोरलेला दुर्बिणीचा क्रमांक, खुद्द दुर्बिणीवरचा क्रमांक, आणि बोल्ट काढून रिसीव्हरच्या आतून डावी भिंत. खोडून पुन्हा कोरलेला क्रमांक चालतो, कारखान्यातल्या दुरुस्तीत तसं होत असे. क्रमांकच नसेल तर तुम्ही साध्या ९१/३०चे पैसे अधिक नव्या दुर्बिणीचे पैसे द्या, ३,२०० नाही. वाकवलेल्या बोल्टचा दांडाही जवळून बघा. सरळ दांडा कापून नवा वेल्ड केला असेल तर सांध्यापाशी रंग वेगळा दिसतो.

एसव्हीटीच्या जाहिरातीतले ‘सगळे क्रमांक जुळतात’ हे शब्द वाचून हरखू नका. कारखान्यात दुरुस्त होऊन आलेल्या बहुतेक रायफलींचे क्रमांक जुळवून घेतलेले आहेत. मूळ क्रमांक ठशानं उमटवलेला असतो, कडा खोल आणि अक्षरांचं वळण एकसारखं. जुळवलेला क्रमांक इलेक्ट्रिक पेन्सिलनं ओरखडलेला, बारीक आणि थरथरता असतो, शेजारी कधी जुना क्रमांक रेघ मारून खोडलेला दिसतो. चौकोनात तिरकी रेघ हा शिक्का असेल तर ती दुरुस्त झालेली आहे, वाद नको. मोसिनवर हे चार ठिकाणी तपासतात : नळीचं बूड, बोल्ट, मॅगझिनची तळपट्टी, दस्त्याच्या टोकाची पट्टी.

रेमिंग्टन मला संचातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. झारच्या सरकारनं पहिल्या महायुद्धात रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसला ऑर्डर दिल्या, आणि क्रांतीनंतर त्यांतल्या बऱ्याच इथेच राहिल्या. आयातदाराचा शिक्का नसेल आणि दस्ता मूळ असेल, तर १,३०० विचार करण्याजोगे आहेत. चार साध्या ९१/३० सोडून द्या. त्या कोट्यवधींनी बनल्या. तोंडाशी नळी आतून मोठी केलेली असण्याची शक्यता भरपूर, कारण जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधलं मीठ धुतलं नाही की नळीचं तोंड आधी गंजतं आणि कारखाना तेवढा भाग आतून कोरून टाकत असे. नेमबाजी करायची तर एक पुरे, तीही गरम पाण्यानं नळी धुवायची तयारी असेल तर.

विक्रेत्याच्या १५ टक्क्यांचं गणित करू. १००चे ४००, म्हणजे दोनदा दुप्पट, १५ वर्षांत. साडेसात वर्षांना एकदा दुप्पट. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ला भागलं की वर्षाचा दर कळतो; इथे ७२ला साडेसातनं भागा : साडेनऊ टक्के. आता खर्च. ११,०००वर लिलाववाल्याचं १८ टक्के प्रीमियम, ८ रायफलींचं पाठवणं प्रत्येकी ५० आणि डीलरची ट्रान्स्फर फी प्रत्येकी ४० : एकूण साधारण १३,७००. विकताना १२ टक्के दलाली. नुसते तुमचे पैसे परत यायला संचाचा भाव १५,६००च्या घरात जायला हवा, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढायला हवा. खर्च धरले की विक्रेत्याचे साडेनऊ टक्के ७च्या आसपास येतात. त्याच १५ वर्षांत एस अँड पी ५०० डिव्हिडंड न धरता पाचपट झाला, आणि त्याला तेल लावावं लागलं नाही.

भाव का वाढला हेही समजून घ्या. स्वस्त माल येणं थांबलं. सप्टेंबर २०२१पासून अमेरिकन सरकारनं रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने नाकारायला सुरुवात केली. ती उडी एकदाच मारून झाली आहे. पुढच्या वाढीसाठी याच रायफली हव्या असणारी नवी माणसं लागतील. करही लक्षात घ्या : शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर तुम्हाला १५ टक्के, पुराणवस्तूवर तुमच्या कराच्या दरानं २२ (कमाल २८). छंदातला तोटा वजा करता येत नाही. घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीची मर्यादा अनेकदा २,५००च असते, ती वाढवून घ्यावी लागते.

आणि ४०१-केचं कर्ज. तुमची नोकरी गेली तर एच-१बीवर तुम्हाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घरखर्च दोन महिन्यांचा १४,०००. खात्यात ६,०००. त्याच काळात कर्ज परत करायची घाई सुरू होते. त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत भरलं नाही तर ते पैसे काढले असं धरून २२ टक्के कर आणि १० टक्के दंड, सुमारे साडेचार हजार. परत भारतात जायचं ठरलं तर संच विकायचा तोही घाईत. सोबत नेण्याचा विचार सोडा : भारतात २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लष्करी बोअरची रायफल सामान्य माणसाला मिळतच नाही.

‘अडीअडचणीसाठी आययूएल आहे’ असं तुम्ही लिहिलंत. नाही. ३६ महिने ९०० प्रमाणे ३२,४०० भरले, आज पॉलिसी मोडली तर हातात १३,५००. स्टेटमेंटवरचे २४,००० हे तुमचे पैसे नव्हेत, सरेंडर चार्ज संपेपर्यंत तो नुसता आकडा आहे. विकणाऱ्यानं वर्षाला ७ टक्के परताव्याचा तक्ता दाखवला असेल. त्यात परताव्याची वरची मर्यादा कंपनी बदलू शकते, डिव्हिडंड मिळत नाही, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर दरमहा वाढत कापला जातो. बाजार पडला तरी शून्याखाली जाणार नाही, हे वाक्य खरं आहे. खर्च मात्र शून्याच्या वर्षीही कापतात, हे विकताना सांगत नाहीत. आपल्याच मंडळींत, आपल्याच माणसांना हे विकलं जातंय याचं मला फार वाईट वाटतं.

दरम्यान या ९००पायी तुम्ही ४०१-केमध्ये ३ टक्क्यांवर थांबला आहात. उरलेले ३ टक्के म्हणजे कंपनीचे वर्षाला जवळजवळ ५,००० डॉलर तुम्ही घेतच नाही. तीन वर्षांत ते संपूर्ण संचाहून जास्त झाले.

क्रम असा ठेवा. याच आठवड्यात मित्राला नाही म्हणा आणि कर्जाचा अर्ज मागे घ्या. ४०१-के ६ टक्क्यांवर न्या. १० लाख डॉलरचा २० वर्षांचा टर्म विमा घ्या. तब्येत धड असेल तर महिना शंभर डॉलरच्या आतबाहेर. तो लागू झाल्याचं पत्र हातात आल्यावरच, एक दिवसही आधी नाही, आययूएलचे हप्ते थांबवा आणि कंपनीकडून सरेंडर चार्जचा वर्षवार तक्ता लेखी मागा. पुढच्या वर्षात चार्ज जेवढा उतरतो त्याहून खर्च जास्त कापला जाणार असेल, तर आत्ताच मोडा. येणारे १३,५०० आणि खात्यातले ६,००० मिळून पावणेतीन महिन्यांचा खर्च होतो. तो सहा महिन्यांवर, म्हणजे ४२,०००वर नेईपर्यंत लिलावाच्या खिडक्या बंद.

त्यानंतर बोनसमधून वर्षाला एक रायफल घ्या. पहिली ती एम-३९ असावी असं मला वाटतं. आज विक्रेत्याला एवढंच लिहा : दस्ता काढून शेपटीच्या खालच्या तारखेचा फोटो पाठवा, उजेडात, बोट बाजूला ठेवून.