१ मेला नाशिकमध्ये फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेनाला आदरांजली वाहायची आहे, भारतीय वेळ कोणती धरावी?

संध्याकाळचे ५:४७ धरा. १९९४ साली इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत सातव्या फेरीत टॅम्बुरेलो वळणावर त्याची विल्यम्स गाडी भिंतीवर आदळली तेव्हा तिथे दुपारचे २:१७ झाले होते आणि इटलीच्या उन्हाळी वेळेपेक्षा आपण साडेतीन तास पुढे. मृत्यू मात्र बोलोन्याच्या रुग्णालयाने तिथल्या ६:४० ला जाहीर केला, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०:१०. मेणबत्त्या लावणार असाल तर हीच वेळ बरी. पावणेसहाला गोदाघाटावर चांगलं ऊन असतं. ऑस्ट्रियाचा चालक रोलँड रॅट्झेनबर्गरचाही फोटो ठेवा. तो आदल्याच दिवशी पात्रता फेरीत अपघातात गेला, आणि त्याच्यासाठी सेनाने गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा ठेवला होता. महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहेच, फक्त गंगापूर रोडवर गाड्या पळवू नका!