नालासोपारा खरंच प्राचीन बंदर होतं का, की ही नुसती दंतकथा?

खरंच होतं. शूर्पारक हे त्याचं जुनं नाव. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेतही त्याचा उल्लेख आहे.

बौद्ध कथेतला पूर्ण नावाचा व्यापारी इथलाच. दासीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा समुद्रव्यापारात श्रीमंत झाला. एका सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचनं ऐकली आणि सगळं सोडून भिक्षू झाला. पुढे त्याचे भाऊबंद चंदन आणायला गेले तेव्हा यक्षाने वादळ उठवलं. पूर्णाने त्यांना वाचवलं. त्याच चंदनाचा विहार बांधून बुद्धांना इथे बोलावलं, असं कथा सांगते. बुद्ध प्रत्यक्ष आले याला ऐतिहासिक पुरावा नाही, पण चंदन, वादळ, भावाभावांचा व्यापार हे तपशील बंदराशी जवळून ओळख असलेल्यांनाच सुचतील असं मला वाटतं.

दगडी पुरावा मात्र पक्का आहे. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला, आत दगडी करंडक (पेटी) आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सापडला. स्तूप आजही आहे. लोकलने जा आणि नक्की बघा.